झरीची वाट आणि माझे डावे मनगट

गोवा घटक राज्य होणार की नाही आणि झाले तर त्याची भाषा कोणती, यावर डिचोलीतल्या प्रत्येक चहाच्या दुकानात भांडण पेटलेले असताना मी एका तारेच्या कुंपणाविरुद्ध लढत होतो. आमच्या वाड्यामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, खाणीच्या अधिकाऱ्यांनी गोल्फचे छोटे मैदान आखले आणि झरीवर जाणारी पूर्वापार पायवाट आत कोंडली. माझ्या पत्नीला भरलेली कळशी घेऊन सगळ्या टेकडीला वळसा घालावा लागे. दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने हे निमूट पाहावे, हे अशक्यच होते. मी वहिवाटीच्या हक्काचा आधार देऊन अकरा पत्रे धाडली. मैदानाच्या क्लबच्या व्यवस्थापकांचे उत्तर एका ओळीचे आले: मैदानाविषयीचा ठराव फक्त सभासदालाच मांडता येतो.

मी नियमावली मागवली. गावचा रहिवासी सभासद होऊ शकत होता. मात्र त्याने समितीसमोर लागोपाठ तीन चेंडू हवेतून मैदानामधल्या चराच्या पलीकडे धाडले पाहिजेत. हा नियम आम्हाला बाहेर ठेवण्यासाठीच रचला होता, याविषयी मला आजही शंका नाही. म्हणूनच मी त्याच दिवशी व्यवस्थापकांकडून एक जुनी लोखंडी काठी मागून आणली. त्यांनी ती हसत दिली. ते हसणे मी मनात नोंदवून ठेवले.

पंधरा दिवस अंगणात माझा चेंडू जमिनीवरून सरपटत राहिला. लहानपणी कोयंडो-बाल, म्हणजे विटीदांडू, खेळलेला हात तो. चेंडूपाशी पोहोचताच मनगट झटका देऊन त्याला वर उचलू पाहे. काठी आधी मातीत घुसे, नाहीतर चेंडूच्या डोक्यावरून निसटे.

शेजारी जांभ्या दगडाचे चिरे काढणारा सावंतवाडीकडचा एक कामगार हे रोज पाहत असे. एके दिवशी तो आमच्या अंगणाच्या कुंपणापाशी येऊन म्हणाला, "काकानू, तुमी तेका उखलतास कित्याक? लोखाण तिरक्या आसा. तो आपसूक उठतलो."

"मग मी काय करायचे?"

"मनगाट मोडू नका. हात फुडे, लोखाण मागसून. चिऱ्यार घाव घालताना मनगाट मोडला तर चिरो हसता."

"चिरा हसतो?"

"हसता. तुमचो चेंडू हसता तसोच."

मी घरी येऊन पत्रांचे समास आखायची लाकडी पट्टी घेतली आणि डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूला, घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचली. काठी मागे नेताना मनगट अंगठ्याच्या दिशेने वर वळले तरी पट्टी काही बोलत नसे. पण चेंडूला भिडताना ते मागे मोडले, की पट्टीचे टोक हातात रुते. इतका निःपक्षपाती न्यायाधीश मी सेवेत पाहिला नव्हता. पुरावाही समोर असे: तांबड्या मातीतला ओरखडा आधी चेंडूच्या मागे उमटत असे, आता तो पुढे सरकू लागला.

मग एका सकाळी तो आवाज आला. ठक नव्हे, खट नव्हे. वाळलेली सुपारी दगडी पाट्यावर टिचावी तसा नेटका. हाताला काहीच जाणवले नाही आणि चेंडू आमच्या माडाच्या शेंड्यावरून गेला. पंचावन्नी ओलांडलेला मी धोतराचा सोगा सावरत अंगणभर धावलो. पत्नी दारात येऊन म्हणाली, "अहो, पडाल."

परीक्षेच्या दिवशी समितीचे तीन अधिकारी छत्रीखाली बसले होते. पट्टी खोचण्यास नियमात मनाई नाही, हे मी लेखी नेले होते. पहिला चेंडू गेला. दुसरा चराचा काठ जेमतेम ओलांडून गेला. तिसऱ्या वेळी तोच नेटका आवाज आला आणि चेंडू निशाणाजवळ जाऊन पडला. व्यवस्थापकांनी उठून हात पुढे केला. "अभिनंदन, सभासद महाशय. बोला, आपले काय म्हणणे आहे?"

मी भारावून म्हणालो, "आणखी एक चेंडू द्या."

त्यांनी दिला. तो गेला. मी पुन्हा हात पसरला. समिती हसू लागली, मीही हसू लागलो, आणि किती चेंडू मारले याची मला शुद्ध राहिली नाही.

कुंपणाबाहेर पत्नी कळशी कमरेवर घेऊन उभी होती. शेजारी चिरेवाला.

"काकानू," तो म्हणाला, "वाट?"

पत्नीने कळशी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली.

मी खिशातून घामाने ओला झालेला ठराव काढला आणि उभ्याउभ्या वाचला. त्यावर कोणीही हरकत घेतली नाही. तार त्याच संध्याकाळी सुटली, आणि पहिली कळशी त्या वाटेने गेली तेव्हा मी काठी खाली ठेवून उभा होतो. कारण पायवाटेवर माणूस असताना चेंडू मारू नये, हे कलम मीच ठरावात घातले होते.