खिडकीशी धरलेला पालक

जाफराबाद सोडलं त्या सकाळी एसटीत माझ्या मांडीवर पालकाची जुडी होती. खिडकीशी मी ती मुद्दाम उन्हात धरली होती. घर आणि मागचे वाफे शेजारच्या कौसाच्या स्वाधीन केले होते. ती खालून म्हणाली, "बाई, लेकीकडं जाताना लोक पापड-कुरडया नेतेत. तुम्ही भाजी घेऊन चालल्या." बस हलली तेव्हा मी रडले नाही. जुडीला ऊन लागतंय ना, तेच बघत होते.

नातवंडांनो, ती जुडी तुमच्या वसुधाआत्यासाठी होती. जालन्याच्या कॉलेजात ती पालकातली उजेड पकडणारी प्रथिनं वेगळी काढते आणि काचेवर त्यांचा पातळ थर देते. त्यावर दिवा लावला की किंचित वीज निघावी, मीटरची सुई हलावी. पुढे त्यातून उजेड ओळखणारी उपकरणं होतील, कदाचित सौर पॅनेलही. पण सुई हलत नव्हती. या खेपेलाही जमलं नाही तर काम बंद करायचं, असं तिने ठरवलं होतं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मला वाटलं, प्रयोग उजेडाचा, तर पान उजेडाने भरून न्यावं.

वसुधा हसली, पण बेतानेच. "आई, उन्हात पानात पीठ साठतं. मला ते उपाशी पाहिजे." पानांचा रस यंत्रात गरगर फिरवताना त्या पिठाच्या कणांनी पानातले नाजूक हिरवे कण फुटतात, म्हणे. रात्रभर अंधारात ते पीठ संपतं. बाजारातला पालक तर कधी खुडलेला, कुणास ठाऊक.

मी कौसाला फोन केला. तिने उजाडायच्या आत पानं खुडली, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातली आणि पहिल्या जीपने पाठवली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दिवा लागला आणि सुई हलली. थोडीशीच. वसुधाने दिवा बंद केला, सुई परतली. पुन्हा लावला, पुन्हा हलली. मग ती स्टुलावर बसून राहिली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

कौसाला कळवलं, तर म्हणते, "हितं सकाळधरनं लाइट न्हाई, बाई. तिकडं वीज निघून राह्यली तर थोडी इकडं धाडा."

परवा तुम्ही विचारलंत, आजी, आता तुझं घर कोणतं? आले तेव्हा मी म्हटलं असतं, मागे राहिलं ते. आता आठवड्यातून एकदा मी स्टँडवर डबा घ्यायला जाते. झाकण उघडायचं नसतं, पानांना उजेड लागेल. डबा हाताला गार लागतो. जाफराबादची पहाट असते ती. तीच घेऊन मी वसुधाकडे चालू लागते.