सोनेरी रंगाखालचा क्रमांक

आजोबांच्या बंदुकीला सोनेरी रंग मी दिला, आणि तो खूप मन लावून दिला होता, हे आधीच सांगून टाकते.

आमचं घर हमरापूरला, घरात गणपतींचं काम. आई मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते, मी दागिने रंगवते. बारावीच्या वर्षी दसऱ्याला आम्ही निडीला आजोळी गेलो होतो. आजोबा, म्हणजे आईचे वडील, दर दसऱ्याला त्यांची ठासणीची बंदूक पाटावर मांडून पूजा करतात. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे घालून गजाने ठासायचे, अशी ती जुनी बंदूक. भातात रानडुकरं शिरतात म्हणून शेतीच्या राखणीसाठी तिचा परवाना मिळालेला. ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. त्या वर्षी नळीवर गंज दिसत होता. आमच्या गणपतींच्या कारखान्यात उरलेला सोनेरी ऑइल पेंट मी सोबत नेला होता. दुपारी आजोबांचा डोळा लागला तेवढ्यात मी नळीवर रंगाचे दोन हात दिले. उठल्यावर त्यांनी बंदुकीकडे बघितलं आणि म्हणाले, "मुकुट तेवढा राह्यला गो." सगळे हसले. मला ते कौतुकच वाटलं.

पुढे मी पेणच्या कॉलेजात गेले. आमच्या दोन्ही घरांतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात मला प्रश्न सुचतो तो तास संपल्यावर, आणि विचारायचं धाडस येतं ते घरी पोचल्यावर. दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या मॅडमनी रोह्याच्या एका काकांना बोलावलं. ते कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. फौजेतल्या जुन्या बंदुका जमवायचा त्यांना नाद. प्रत्येकीचे कागद फाइलला लावलेले, बंदुका कपाटात, कपाटाला दोन कुलपं. कॉलेजात त्यांनी बंदूक आणली नव्हती. फोटो होते, दारू ठेवायचं एक शिंग होतं, शिसं ओतून गोळ्या करायचा लोखंडी साचा होता. एका मुलाने विचारलं, "काका, किती लांब जाते गोळी?" ते म्हणाले, "मी उडवून बघितली नाय. ती कोणाकडून कोणाकडे गेली तेवढं शोधतो. त्यातच माझा पगार गेला आणि बायकोची बोलणी आली."

सगळे गेल्यावर मी टेबलाशी थांबले.

"माझ्या आजोबांकडे एक आहे. ठासणीची."

"नंबर काय तिचा?"

"नंबर असतो?"

"परवान्यात लिवलेला असतो, तोच नळीवर ठोकलेला असतो. बघितला नाय कधी?"

"आता दिसणार नाही. मी रंग दिलाय. सोनेरी."

त्यांनी चष्मा काढला. "गो पोरी, ती बंदूक हाय. गौर नाय."

मी हसले. ते हसले नाहीत. पोलीस ठाण्यात बंदूक दाखवायची वेळ आली आणि नंबर दिसला नाही, तर ती तिथेच ठेवून घेतात, तपासणीला पाठवतात, आणि नंबर मुद्दाम झाकला असं वाटलं तर प्रकरण आणखी वाढतं, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं.

ती वेळ आलेलीच होती. आजोबांचं वय झालं होतं, त्यांना मुलगा नव्हता, आणि परवाना माझ्या आईच्या नावावर करायचा त्यांनी ठरवलं होतं. अर्जाआधी पोलीस ठाण्यात नंबर जुळवून घ्यायचा होता. मी निडीला जाऊन सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एकदा ती आत गेली का मी काय तिला परत बघत नाय," एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

त्या दिवशी मी ठरवलं की रंग मी दिला, तो मीच काढायचा. नळीला एक ओरखडासुद्धा येता कामा नये. कारण पॉलिश पेपरने घासलं असतं तर रंग गेला असता आणि नंबरही पुसट झाला असता, आणि घासलेला नंबर झाकलेल्या नंबरापेक्षा वाईट. काकांनी फोनवर आणखी दोन गोष्टी बजावल्या. बंदूक मी घराबाहेर न्यायची नाही, आणि आजोबा समोर असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. काम सुरू करण्याआधी ती रिकामी आहे का बघायला ते स्वतः रोह्याहून आले. त्यांनी गज नळीत सोडला, तोंडापाशी बोटाने खूण धरली, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघितला. पार बुडापर्यंत पोचला होता. "रिकामी," ते म्हणाले. मग दस्ता हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. "ही फौजेची असणार. नळी पुढून कापून आखूड केलीय." आजोबा म्हणाले, "माझ्या बापाने आणली तवा अशीच होती." काकांनी खिशातून डायरी काढून तेही लिहून घेतलं.

मग पाच रविवार मी पेणहून गाडीने निडीला जात राहिले. अंगणात उन्हात बसायचं, कापसाला थिनर लावून नळीवर ठेवायचा, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, रंग फुगला की बांबूच्या काडीने उचलायचा. एका वेळी दोन बोटं जागा. आजोबा समोर खाटेवर बसून राहायचे. वासाने डोकं दुखायचं. तिसऱ्या रविवारपर्यंत नुसती नळी दिसत होती, नंबर कुठेच नव्हता, आणि परवान्यातच काही चुकलं असेल का अशी भीती मला वाटायला लागली. चौथ्या रविवारी घोड्याच्या जरा वर एक उभी रेघ दिसली. पाचव्या रविवारी सगळे आकडे दिसले. शेवटचा मात्र अर्धाच. तो बहुतेक आधीपासूनच झिजलेला होता.

त्या दिवशी आईही आली होती. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढंच ना? माझा बारीक ब्रश दे. हा आकडा मी असा पुरा करते का कोणाला कळायचं नाय."

"नको."

"अगो, रेघ तर हाय तिथं. मी फक्त पुढं नेते."

तिचा दोष नव्हता. आमच्या घरात अर्धं राहिलेलं काही बाहेर जात नाही. भुवई तुटली, नख उडालं, तर ते पुरं करूनच मूर्ती गाडीत चढते. पण मी ब्रश दिला नाही. नळीवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासली. कागदावर आकडे उमटले, शेवटच्याचं अर्धं अंगही नीट उमटलं. तो कागद मी वहीत ठेवला. आई म्हणाली, "शिकलीस म्हणून माझं ऐकायचं नाय काय आता?" मी म्हटलं, "या एका बाबतीत नाही."

ठाण्यात आजोबा आणि मी गेलो. बंदूक चादरीत गुंडाळून त्यांनीच धरली होती. हवालदारांनी परवान्याचं पुस्तक उघडलं, नळीवर टॉर्च तिरका मारला आणि भुवया वर केल्या.

"या खाचांत सोनेरी काय आहे? रंगवली होती का?"

"मीच," आजोबा लगेच म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाची हौस."

असं काही ठरलं नव्हतं. आमचं याबद्दल बोलणं झालंच नव्हतं. परवाना त्यांचा होता. त्यांनीच नंबर झाकला असं कागदावर आलं असतं तर त्यांचं नाव खराब झालं असतं.

"नाही साहेब. मी रंगवली. आजोबा झोपले होते."

"ए, गप ऱ्हा गो," आजोबा म्हणाले.

हवालदार आमच्याकडे आलटून पालटून बघत राहिले. "दोघांनी अर्धी अर्धी रंगवली असं लिहू काय?" मग त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिहिता येतं ना? जे झालं ते लिही."

मी लिहिलं. कोणता रंग, कुठून आणला, कधी दिला, का दिला, आणि कसा काढला. ब्रशाने काही पुरं केलेलं नाही, हेही लिहिलं. खाली सही केली आणि पेन्सिलीने उमटवलेला कागद जोडला. हवालदार ते घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. आजोबा बाकावर बंदूक मांडीवर घेऊन बसले. कोणी घ्यायला आलंच तर आधी बोटं सोडवावी लागतील, अशी त्यांनी ती धरली होती.

बऱ्याच वेळाने साहेब स्वतः बाहेर आले. कागद नळीशेजारी धरला, परवान्यातला नंबर मोठ्याने वाचला, शेवटच्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

"जुळतो," ते म्हणाले. "मुलीच्या नावाचा अर्ज करा. तोवर बंदूक तुमच्याकडेच राहू दे. आणि काही लावायचंच असेल तर तेल लावा."

बाहेर आल्यावर मी आईला फोन लावला. आजोबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि रस्त्यावरच्या लोकांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने ओरडले, "दिली गो! घेऊन येतो. तू उद्या सहीला ये."

"आता मूर्तीचा उजवा डोळा चाललाय, बाबा," आई तिकडून म्हणाली. "तेवढा होऊ दे, मग बोलते."