तन्वीची 'लाइन' आणि बाबांची खूण

शनिवारी सकाळी माझ्या लेकीच्या, तन्वीच्या शाळेत, इथेच नारपोलीत, भाषणाची स्पर्धा होती. आपण रोजच्या मराठीत वापरतो असा एक इंग्रजी शब्द चिठ्ठीत निघणार, आणि तो कुठे कुठे, कसा वापरतात ते सांगायचं. आमच्या चौथीतल्या बाईसाहेबांना आठवडाभर आधी शब्द आला 'लाइन'.

मागच्या वर्षी हीच तन्वी माईकसमोर गप्प झाली होती आणि रडत खाली आली होती. तेव्हापासून वर्गात हातसुद्धा वर करत नव्हती. यावेळी तिने स्वतःहून नाव दिलं.

आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. रेशनची लाइन, वहीतली लाइन, पाण्याची फुटलेली लाइन, न लागणारी फोनची लाइन, वाया जाता जाता लाइनवर आलेला पोरगा... नवऱ्याने 'लाइन मारणे' सुचवलं, तेव्हा मी डोळे वटारले.

माझे सासरे, म्हणजे बाबा, मूळचे अंबाडी गावाकडचे, पण सगळं आयुष्य इथल्या लूमवर, कापडाच्या मागावर गेलं. ते म्हणाले, "आमच्या लायनीत पोट भरतं, पन कान जातात, हे पन लिव."

त्यांचे कान खरंच गेलेत. लूमच्या खडखडाटात माणसं हातांच्या खुणांनी बोलतात, तीच भाषा बाबांनी घरी आणली. तन्वी त्यांच्याशी तोंडाने कमी आणि हातांनीच जास्त बोलते.

तर शनिवारी तिचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली, नमस्कार केला, पहिलं वाक्य म्हणाली... आणि थांबली. ओठ थरथरायला लागला. मला तर मागचं वर्षच समोर दिसायला लागलं.

तेवढ्यात माझ्या शेजारून बाबा उठले. ऐकू काही आलं नसणार, पण नातीचा चेहरा वाचला असणार. त्यांनी दोन्ही तळवे एकामागे एक धरून पुढे सरकवले. तन्वी लगेच म्हणाली, "रेशनच्या दुकानात लाइन लागते." मग बाबांनी मूठ कानाला लावून मान हलवली. "आणि आत्याच्या फोनची लाइन लागत नाही..."

लोक माना वळवून बघायला लागले. परीक्षक काय म्हणतील या धास्तीने मी बाबांचा सदरा ओढला. तर ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थांब गं, पोरीचा धागा तुटलाय. जोडून द्यायला हवा का न्हाय?"

हॉल हसला. तन्वीही हसली. आणि मग तिने बाबांकडे बघून उजवा हात छातीवर ठेवला आणि तळवा हळूच त्यांच्या दिशेने ढकलला.

मला कळेना. नवरा कानात कुजबुजला, "शिफ्ट बदलताना करतात ती खूण. माझी मशीन चालू झाली, आता तू जा."

बाबांचे हात तिथल्या तिथे खाली आले. ते बसले. पुढचं सगळं ती एकटी बोलली... वहीतली, पाण्याची, बाबांच्या कानांची, सगळ्या लाइनी. शेवटी म्हणते कशी, "आणि एक लाइन मारतात. ती कशी मारतात ते माझ्या पप्पांना विचारा." नवरा खुर्चीत एवढा खाली सरकला की दिसेनासाच झाला.

नंबर आला नाही. पण आमच्या घरात अजून लग्नघरासारखा गोंधळ चालू आहे, आणि मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय.

आपली लेक एक दिवस आपल्याला 'आता तू जा' म्हणेल, याची मला कायम भीती वाटायची. शनिवारी तिने ते आजोबांना म्हटलं, आणि बाबा इतके खूश झाले की टाळ्या वाजवताना त्यांना डोळे पुसायचं भान राहिलं नाही. ते बघितलं आणि माझी भीती गेली... थँक यू, बाबा.