दाजींचं अपेंडिक्स आणि माझं कार्ड

नांदेडच्या एका दवाखान्याच्या दप्तरात माझं अपेंडिक्स दोनदा काढल्याची नोंद आहे. डॉक्टर दोन्ही वेळा तेच, नाव दोन्ही वेळा माझंच. पोटं तेवढी दोन होती.

मी हिंगोलीत एका बियाण्याच्या कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. मूळचा जवळच्याच गोरेगाव खेड्याचा, नोकरीपायी माय, बायको शोभा आणि दोन लेकरं घेऊन हिंगोलीत भाड्याच्या घरात आलेला. दोन हजार सालानंतर कंपनीला एकाएकी आमच्या तब्येतीची काळजी वाटू लागली आणि सगळ्या स्टाफला आरोग्य विम्याचं कार्ड मिळालं. निम्मा हप्ता कंपनीचा, निम्मा आमच्या पगारातून कापलेला. (कापताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे आभार कुणाचे मानायचे हे कळलं नाही.) कार्डावर माझा फोटो, खाली माझं नाव, प्रल्हाद, मागं बायकोचं आणि लेकरांचं.

मायनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "याच्यात जावयाचं नाव काहून न्हाई?"

स्वतःचं नाव का नाही हे तिनं विचारलं नाही. जावयाचं विचारलं! मी समजावलं, की यात नोकरी करणारा, त्याची बायको आणि त्याची पोरं एवढेच बसतात. तिनं ते ऐकलं आणि हा विमा काही खरा दिसत नाही असं मत देऊन कार्ड देव्हाऱ्यात गणपतीच्या मागं ठेवून दिलं.

कार्डाची किंमत मला मात्र कळत होती. गोरेगावला असताना ताप आला की डॉक्टर वीस रुपयांत एक सुई टोचायचे, तीन रंगांच्या गोळ्या कागदात बांधून द्यायचे आणि वर पिकापाण्याची चौकशी करायचे ती वेगळीच. हिंगोलीत त्याच तापाला रक्त तपासा, लघवी तपासा, सोनोग्राफी काढा. आणि सगळं तपासून झालं की सांगणार, काही नाही, साधा ताप आहे. दरवर्षी फी वाढायची आणि ताप तेवढाच राहायचा. म्हणून कार्ड आल्यावर मी निर्धास्त झालो. पण दोन वर्षं झाली तरी घरात कुणी धड आजारी पडेना. पगारातून हप्ता चाललेला! माझा स्वभाव असा कोता, की कुणी दोनदा शिंकलं तरी मी आशेनं बघायचो.

आणि मग अधिक महिना आला. अधिक महिना म्हणजे आमचा धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, कपडे करायचे, आणि तो उठून जाईपर्यंत त्याला कशालाही नाही म्हणायचं नाही. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे मालक, नरसीकडचे शेतकरी. माणूस इतका गरीब स्वभावाचा, की ते स्वतःही कुणाला नाही म्हणत नाहीत. माय वाढत गेली, दाजी खात गेले. अकरा धोंडे मी मोजले. नंतर मोजायचं सोडून दिलं, दृष्ट लागेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी पोट धरून बसले. सगळ्यांनी दोष धोंड्यांना दिला. मायनं ओवा दिला, बेंबीला हिंग लावला, शोभानं लिंबू पिळून दिलं. दाजी सगळं मुकाट घेत होते आणि पांढरे पडत होते. शेवटी डॉक्टरकडं नेलं तर त्यांनी पोट दाबलं, दाजी ओरडले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, अपेंडिक्स आहे, आत्ताच्या आत्ता नांदेड गाठा.

जीप केली. पुढं दाजी, मागं मी, माय आणि रडणारी अक्का. वारंगा फाट्यापर्यंत माय कमरेच्या पिशवीवर हात ठेवून बसली होती. फाट्यावर ड्रायव्हर चहाला उतरला, तेव्हा तिनं कमरेची पिशवी उघडली आणि त्यातून माझं कार्ड काढलं. मला वाटलं, देवाची आठवण म्हणून आणलं असेल.

नांदेडला काउंटरवरच्या माणसानं विचारलं, रोख की कार्ड? मी तोंड उघडायच्या आत मायनं कार्ड पुढं सरकवलं. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की हे माझ्या नावाचं आहे, असं चालत नाही, नोकरी जाईल. दाजी बाकड्यावरून क्षीण आवाजात म्हणाले, राहू द्या, मी माझ्या भावाला फोन करतो, तो पैसे घेऊन येईल. तिथंच माझा खेळ संपला.

"धोंड्याला बोलावलेला जावई आपल्या दारात आडवा पडला," माय हळूच म्हणाली, "आन् खर्च त्याच्या भावानं करायचा? व्याही लोक उद्या मला तोंड दाखवू देतील का? तू गप राय."

मी गप राहिलो. माझ्या आयुष्यातले सगळे महाग निर्णय मी असेच गप राहून घेतलेले आहेत.

काउंटरवरच्या माणसानं फोटो बघितला, दाजींकडं बघितलं. फोटोत माझी फक्त मिशी स्पष्ट आली होती, आणि मिशी दाजींनाही होती. "तब्येत सुधारली बरं का तुमची," तो म्हणाला आणि शिक्का मारला. त्या शिक्क्यासरशी दाजी प्रल्हाद झाले. अक्का माझी बायको शोभा झाली. (तिनं तशी सहीही केली.) मला नर्सनं विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण? मी म्हणालो, मेहुणा. त्या चार दिवसांत मी एवढं एकच खरं बोललो.

ऑपरेशन बराबर झालं. तकलीफ झाली ती नावाची. नर्स 'प्रल्हादराव' म्हणून हाक मारायची, दाजी छताकडं बघत पडून राहायचे आणि ओ मी द्यायचो. नर्सनं अक्काला बाजूला घेऊन विचारलं, ऑपरेशनमुळं यांच्या कानावर परिणाम झाला का? त्यात खरी शोभा डबा घेऊन आली आणि सवयीनं मला म्हणाली, "अहो, जेवून घ्या." नर्सनं माझ्याकडं, शोभाकडं, मग अक्काकडं पाहिलं. तिनं मनात काय मांडणी केली देव जाणे, पण पुढं ती माझ्याशी नीट बोलली नाही.

विमा आमच्या कंपनीतर्फे म्हटल्यावर दवाखान्यानं माझ्या ऑफिसला कळवलं होतं. मी ऑफिसला सांगितलं होतं, मेहुणे आजारी आहेत. आता ऑफिसच्या हिशेबानं आजारी मीच! तिसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या गेटवर चहा पीत होतो, तर समोर आमचे मॅनेजरसाहेब, हातात मोसंब्यांची पिशवी. साहेब इंदूरकडचे, हिंदी बोलणारे, मनानं चांगले.

"अरे प्रल्हाद, तू तो खड़ा है!"

मी तत्काळ कमरेत वाकलो. हातातला चहा पायावर सांडला, त्यामुळं चेहऱ्यावरची वेदना मात्र अस्सल उतरली. मी सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. साहेब म्हणाले, चल, तुला बेडपर्यंत सोडतो. बेडवर प्रल्हाद आधीच झोपलेला होता! मी इथंच हवेशीर वाटतं म्हणून व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलो आणि साहेबांना त्यांच्या मूतखड्याची हकिकत विचारली. ती रंगात आली होती, एवढ्यात नर्स आली आणि माझ्या हातात चिठ्ठी देऊन म्हणाली, प्रल्हादरावांसाठी दोन सलाईन खालून घेऊन या.

साहेब ताडकन उठले. ऑपरेशन झालेल्या पेशंटला स्वतःची सलाईन आणायला लावतात, याची तक्रार ते वरपर्यंत नेणार होते. मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. (वाकलेलोच होतो, पाय जवळच होते.) शेवटी साहेबांनी स्वतः जाऊन सलाईन आणल्या, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मला पंधरा दिवसांची रजा देऊन टाकली.

ते पंधरा दिवस मी हिंगोलीत वाकून चाललो. गाव केवढंसं, ऑफिसचं कुणी ना कुणी रोज भेटायचंच. सवय अशी लागली, की शोभा घरात म्हणायची, "सरळ चाला, इथं कोनी न्हाई." दाजी तिकडं नरसीला आठव्या दिवशी शेतात हिंडत होते.

प्रकरण तिथंच मिटलं असतं तर मी स्वतःला हुशार समजत मेलो असतो. पण तीन वर्षांनी माझं पोट दुखलं. धोंडे नव्हते, काही नव्हतं, साधं वरण-भात खाऊन दुखलं. डॉक्टरांनी दाबलं, मी ओरडलो. अपेंडिक्स. पुन्हा जीप, पुन्हा वारंगा फाटा, पुन्हा तोच दवाखाना. कंपनीच्या यादीत तोच होता. दर मात्र तेच राहिले नव्हते. दाजींच्या ऑपरेशनच्या खर्चात आता माझी नुसती भूल झाली असती.

मी मात्र खुशीत होतो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं कार्ड स्वतःच्या पोटासाठी काढत होतो. काउंटरवरच्या माणसानं विमा कंपनीला फॅक्स केला. तासाभरानं उत्तर आलं आणि त्यानं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: सदर इसमाचा सदर अवयव यापूर्वीच काढलेला असल्यानं खर्च मंजूर करता येत नाही.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. जुनी फाइल पाहिली, माझा सदरा वर केला, पोटावर टाक्यांची खूण शोधली. सापडेना. "आधी झालंय ना तुमचं?" त्यांनी विचारलं.

"कागदावर झालंय," मी म्हणालो.

त्यांनी जुनी फाइल मिटली. मग म्हणाले, ऑपरेशन आज करावंच लागेल. पैसे रोख भरा, नाहीतर विमा कंपनीला लेखी खुलासा द्या. मी कागद मागितला. कळ दाबत दाबत पहिला खुलासा लिहिला, की सदर अवयव पुन्हा उगवला असावा. शोभानं तो वाचला आणि फाडला.

"खरं लिवा आन् सही करा," ती म्हणाली. "पोट फुटल्यावर नोकरी कोन करनार हाय?"

मी खरं लिहिलं. तो कागद फॅक्सनं विमा कंपनीकडं गेला आणि तिथून ऑफिसला पोचला. संध्याकाळी दवाखान्याच्या फोनवर मॅनेजरसाहेब आले. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "प्रल्हाद," ते म्हणाले, "इतना बता, वो मोसंबी किसने खाई?"

नोकरी राहिली, ती साहेबांची मेहेरबानी. पण दाजींच्या ऑपरेशनचा खर्च माझ्या पगारातून हप्त्यानं परत जाणार, असं ठरलं, आणि विमा कंपनीनं हात वर केल्यानं माझं ऑपरेशन तर रोखीनंच. म्हणजे एका कार्डावर दोन ऑपरेशनं केली आणि दोन्हींचे पैसे मीच भरले! रोख रक्कम शोभानं भरली. गोरेगावच्या आमच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधायच्या म्हणून सहा वर्षं ती शिलाई करून पैसे साठवत होती. ते तिनं काउंटरवर मोजले आणि मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. पोटापेक्षा तेच जास्त दुखलं.

चौथ्या दिवशी दाजी आले. अक्कानं त्यांना सगळं सांगितलं होतं. ते खाटेजवळ उभे राहिले आणि रुमालात बांधलेलं पुडकं माझ्या पायाशी ठेवलं. "माझ्या आप्रेशनाचे हायत," ते म्हणाले. "तवाच द्यायला पायजे होते. तुमच्या खोल्या अडू नये." माणसाचे डोळे भरून आले होते. माझेही आले. शोभा खिडकीशी उभी होती. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

मायनं पुडकं उचललं. कपाळाला लावलं. आणि दाजींच्या हातात परत दिलं.

"जावयाचा पैसा घरात घेऊन मी कुटं फेडू?" ती म्हणाली. दाजी नको नको म्हणत होते, पण आमच्या मायपुढं ते काय टिकणार? तिनं दवाखान्यातच त्यांना कुंकू लावलं, टावेल दिला, आणि रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून माझ्या उशीखालचे एकशे एक रुपये काढून त्यांच्या खिशात घातले. दाजी पुडकं घेऊन, टावेल घेऊन, एकशे एक रुपये घेऊन दाराकडं निघाले.

शोभा माझ्याकडं बघत होती. "तुमी तरी काई बोला," ती हळूच म्हणाली.

मी म्हणालो, बोलायला गेलं की टाके ओढतात. आणि तिला जे सांगितलं नाही ते इथं सांगतो: टाके नसते, तरी मी बोललो नसतो.