शांतव्वांचं भुईवरून उठणं

वीरेशला सकाळी वारणानगरच्या डेअरीत पाळी असायची, म्हणून कळंब्यातल्या त्या घरात देवपूजाही घड्याळावर चालायची. अंघोळ होते न होते तोच त्याची आई, शांतव्वा, चटई टाकून भुईवर बसायच्या. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, लिंगायत रीतीप्रमाणे जन्मभर अंगावर बाळगायचं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायच्या, भस्म लावायच्या, बेलाचं पान वाहायच्या. दारात लेक मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत उभा. तो बोलायचा काही नाही, पण किल्ली वाजायची. पूजा आटोपली की काखेत हात घालून तो आईला उभं करायचा आणि कामावर पळायचा.

गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून शांतव्वा डाव्या अंगावर पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण अंथरुणात काढलेल्या महिन्यांनी डावा खुबा पार ढिला पडला. चालणं परत आलं, भुईवरून उठणं काही आलं नाही. खुर्चीवर बसून पूजा केली तरी चालते, असं मठातल्या स्वामींनी सांगितलं होतं. शांतव्वांना ते पटलंही. पण भुईवर बसून डोळे मिटले की मन आपोआप खाली येऊन टेकायचं. खुर्चीवर ते अधांतरीच राहायचं. आपली पूजा आपल्या वेळेनं करावी आणि झाली की आपलं आपण उठावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शेजारच्या तवनाप्पांची नात दीपा फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेत होती. वाकलेला खुबा सरळ करायच्या निरनिराळ्या व्यायामांत नितंबाचा स्नायू कुठे जास्त कामाला लागतो, हाच तिच्या अभ्यासाचा विषय. कातडीवर सेन्सर चिकटवायचे; स्नायू कामाला लागला की लॅपटॉपवर रेघ उसळते. एका रविवारी कॉलेजची परवानगी काढून ती यंत्र घरी घेऊन आली.

"काकू, तुमचं पण बघूया. कुठला व्यायाम लागू पडतोय ते तरी कळंल."

दार लावून घेऊन तिनं सेन्सर चिकटवले.

"जन्मभर ज्याच्यावर बसायचं, त्याला आता तारा लावतीस व्हय गं?"

"तारा न्हाईत, काकू. बिनतारी हाय हे."

"मग बरं हाय. शॉक तर बसायचा न्हाय."

आधी सोपे व्यायाम. उताणं झोपून, गुडघे उभे करून कंबर उचलायची. शांतव्वांनी उचलली; रेघ जेमतेम हलली. मग पालथं झोपून पाय मागं उचलायचा. तिथंही तेच. सगळ्यात शेवटी पायरी चढायची होती, पण दीपानंच नको म्हटलं. झोपून जे जमेना ते उभ्यानं कसं करायला लावायचं?

"काकू, स्नायू साथच देईना बघा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "भुईवर बसायचं आता जरा विसराच."

पोर कळवळून सांगत होती, तिच्यावर रागवायचं तरी कशाला? "बस, च्या ठेवते," म्हणून शांतव्वा सेन्सरसकट स्वयंपाकघराकडे निघाल्या. जुन्या धाटणीचं ते स्वयंपाकघर एक उंच पायरी वर होतं. डावा पाय वर ठेवून, चौकटीला नुसतं बोट लावून त्या चढल्या, आणि मागून दीपाचा आवाज आला.

"काकू, आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काय न्हाय बाई. आलं शोधाय लागले."

लॅपटॉपवरची रेघ डोंगरासारखी वर गेली होती. म्हणजे स्नायू जागा होता. मग झोपल्यावरच का मुका झाला? दीपानं त्यांना पुन्हा उताणं झोपवलं, आणि या वेळी लॅपटॉपकडे न बघता ती शांतव्वांकडे बघत बसली. कंबर वर निघाली. छातीवरची चांदीची डबी घसरून गळ्याशी आली, डावा हात झटकन तिच्यावर गेला आणि कंबर अर्ध्यातच थांबली. पालथं झोपताना तर त्यांनी छातीखाली मूठ ठेवली होती, लिंगावर अंगाचा भार येऊ नये म्हणून. पाय उचलायला जोर उरणार कुठून?

"अहो, मग सांगायचं की मला."

"त्यात काय सांगायचं? ते काय अंगावरनं उतरतंय व्हय?"

ते उतरवून ठेवा, असं दीपाच्या मनातही आलं नाही. तिच्या जैन घरात आजी, रत्नाबाई, दिवस मावळल्यावर घास घेत नाहीत आणि त्यावर कुणी वादही घालत नाही. तिनं जुन्या लुगड्याची मऊ पट्टी मागितली. शांतव्वांनी ती स्वतःच्या हातानं, कपाळाला लावून, डबीवरून छातीशी बांधली. मग कंबर पुरती वर गेली आणि रेघही चांगली उसळली. तरी पायरीची रेघ तिच्याहून उंचच राहिली.

"रेघ उसळली म्हणजे ताकद आली असं न्हाई हां," दीपानं बजावलं. "स्नायू किती राबतोय तेवढंच कळतंय ह्यातनं. ताकद सावकाश येईल. पण एक गुडघा टेकून भुईवरनं उठणं म्हणजे पायरी चढल्यागतच हाय. तेच धरूया."

त्या दिवसापासून शांतव्वा ती पायरी चढायच्या, उतरायच्या. ओठांत नामस्मरण असायचं. पहिले काही आठवडे खुबा ठणकायचा. दोनदा भुईवरून उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. वीरेशनं पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

श्रावणातल्या एका सोमवारी त्या म्हणाल्या, "तू जा आज."

"अव्वा, आणि तू उठणार कशी?"

"जा म्हटलं की."

तो बाहेर गेला. शांतव्वा बसल्या. त्या दिवशी किल्ली वाजत नव्हती. तळहातावरच्या लिंगाकडे बघता बघता डोळे मिटले, आणि कितीतरी वेळानं उघडले तेव्हा कवडसा चटईवरून भिंतीवर चढला होता. लिंग डबीत ठेवलं, पट्टी बांधली. उजवा गुडघा टेकला, डावं पाऊल पुढं रोवलं. एक हात भिंतीला लावावाच लागला. खुब्यात कळ आली, अंग थरथरलं आणि वर आलं.

उभं राहून त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात अंगणातून किल्ली वाजली.

"गेला न्हाईस व्हय रे अजून?"

"निघालो की," बाहेरून वीरेश म्हणाला, आणि मग कुठे मोटारसायकल चालू झाली.