तात्यांच्या ताब्यातली घंटा

दत्तूतात्या नाट्यगृहात शिरले की आधी नाक वर करून वास घेत. बारामतीच्या आमच्या नाट्यगृहाचे ते व्यवस्थापक आणि मी त्यांची मदतनीस. जळक्या वायरचा वास, विंगेत कुणी चोरून ओढलेल्या विडीचा वास, उंदराचा वास. कसलाच वास आला नाही तर तात्यांचा चेहरा आणखी पडे. "कायतरी झाकलंय," असं पुटपुटत ते पडद्यामागे जात.

या माणसाचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. 'स्टेजला खिळा मारणार नाही' असं नाटक मंडळी म्हणाली की तात्या त्यांची हातोडी मागून घेत आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवत. प्रेक्षागृहाची सगळी दारं ते स्वतः उघडून बघत, मग मला बघायला लावत आणि मी बघितलेली पुन्हा बघत. "तू बघितलंस म्हनतीस, पर ते म्या कशावरनं मानायचं?" सुरुवातीला मी घरी जाऊन आईजवळ रडत असे. पुढे मलाच लागण झाली. इंदापूरला मावसबहिणीच्या लग्नात मी हातात अक्षता घेऊन कार्यालयाचं मागचं दार उघडतं का ते बघत होते.

तात्यांचा खरा जीव होता तो घंटेत. तिसरी घंटा झाल्याशिवाय पडदा सरकत नाही. कितीही मोठा नट असो, तो विंगेतून हलत नाही. आमच्याकडे ती घंटा व्यवस्थापकानेच द्यायची पद्धत होती. तिचं बटण रंगमंचाशेजारच्या एका अरुंद खोलीत होतं. "घंटा दिली म्हंजी आतल्या समद्या मान्सांची जबाबदारी आपून घेतली," तात्या म्हणत.

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला दुपारी फुकट नाटक होतं. सुप्यापासूनची माणसं गाड्या भरभरून आली. खुर्च्या भरल्या, तशा कार्यकर्त्यांनी मंडपाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणून मधल्या वाटांत मांडल्या. दारांपर्यंत जायला पाऊल ठेवायची जागा उरली नाही, आणि त्या खुर्च्यांवर बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या. दुसरी घंटा होऊन बराच वेळ गेला होता. पाहुणे घड्याळ बघत होते. तात्या मला घंटेच्या खोलीत घेऊन गेले.

"हितं बस. बटनाला हात लावू नगंस." एवढं बोलून ते बाहेर पडले आणि बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला.

मी हाका मारल्या. दार ढकलून बघितलं. आणि मग माझ्या डोक्यात तात्यांनीच पेरलेलं पीक तरारून वर आलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि घर त्याच पगारावर चालत होतं. घंटा झाली नाही तर खोलीत कोण सापडणार? मी. यांनी आपली कातडी वाचवायला मला पुढे केलं, याबद्दल माझी खात्रीच झाली. थोड्याच वेळात दारावर थापा पडू लागल्या. "मॅडम, घंटा द्या. साहेब चिडल्यात." एकाने तर 'उद्या घरी बसवतो' असंही बजावलं. माझं बोट दोनदा बटणापर्यंत गेलं. मी तात्यांना मनातल्या मनात जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या.

कुलूप उघडलं तेव्हा तात्या घामाने निथळत होते, सदऱ्याची एक बाही उसवली होती. मागे प्रेक्षागृहातल्या वाटा मोकळ्या दिसत होत्या. खुर्च्या अंगणात गेल्या होत्या आणि त्यांवरची माणसं तिथेच बसून तावातावाने बोलत होती. "आता दे," तात्या म्हणाले. मी त्यांच्याकडे न बघता बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह समितीच्या अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावलं. पाहुण्यांना ताटकळत ठेवलं, आलेल्या माणसांना बाहेर काढलं, कुणाच्या हुकमाने? मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "ही आत कोंडलेली व्हती. बाहीरनं कुलूप म्या घातलं. तुमच्याच मान्सांनी बघितलंय, इचारा."

माझी नोकरी राहिली. तात्यांची गेली.

तात्यांना त्यांच्या गावच्या, कळंबच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेले होते. पिशवी त्यांच्या हातात देत मी म्हणाले, "तात्या, माझ्यावर आळ येऊ नये म्हणून तुम्ही कुलूप घातलंत. मी मात्र भलतंच समजले."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तसं काय न्हाय, पोरी. दारावर दोन थापा पडल्या आस्त्या तर तू बाहीर येऊन बसली आस्तीस, न्हायतर घंटा दिली आस्तीस. तुझा भरवसा नव्हता, म्हनून कुलूप घातलं."

आणि गाडीत चढून, माझ्याकडे पाठ करून, ते खिडकीची काच सरकते का ते बघू लागले.

गेल्या उन्हाळ्यात तात्या वारले. आता घंटा मी देते. स्टँडवर ते खरं बोलले की मला उपकाराच्या ओझ्यातून सोडवायला खोटं बोलले, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. पण बटण तर कुलपाच्या आत, माझ्या हाताशीच होतं; ते खोटंच बोलले, असा मला दाट संशय आहे.