पुसलेली बटणं

आमच्या ह्यांना कचेरीत सगळे मोजपट्टी म्हणतात. तोंडावर नाही, मागे. बत्तीस वर्षं एकच काम: घरपट्टी खात्यातर्फे अर्धवट इमारतींत शिरायचं आणि त्या कुठल्या वर्गात बसतात ते ठरवायचं. मोकळी जागा, बांधकाम चालू, की राहतं घर. बांधकाम चालू असेल तर पट्टी कमी, ती बिल्डरने भरायची. राहायची परवानगी, म्हणजे भोगवटा दाखला मिळाला की राहतं घर. आणि दाखल्याआधीच कुणी राहायला गेलेलं सापडलं, तर पट्टी दुप्पट, वर पंधरा दिवसांत घर रिकामं करायची नोटीस.

लोक काय कमी असतात! पाहणीच्या दिवशी गाद्या गच्चीवर नेतात, दाराला कुलूप लावून समोर चहा पीत उभे राहतात. पण हे बरोबर ओळखायचे. मालकाचं बोलणं ऐकायचंच नाही, दिव्याच्या बटणांकडे बघायचं. घरात माणूस वावरायला लागला की बटणांभोवती बोटांचे डाग पडतात. "माणूस खोटं बोलतो, बटण बोलत नाही," हे वाक्य मी लग्नापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. नव्या लोकांनाही ह्यांनी हेच शिकवलं. त्यातल्याच एक बाई परीक्षा देऊन आता ह्यांच्या वरच्या मॅडम झाल्यात.

आमच्या लेकीचं सासूशी कधी पटलं नाही. शेवटी सासूने सरळ सांगितलं, तुमचं घर बघा. कडेवर दहा महिन्यांचं लेकरू! आमच्या दोन खोल्यांत थोरला, सून, त्यांची तीन पोरं. पाय ठेवायला जागा नाही. मग जावयाने जिथे फ्लॅट घेतला होता तिथल्या बिल्डरने तिसऱ्या मजल्याची किल्ली हातात दिली. म्हणाला, दाखला दोन महिन्यांत आला समजा, गुपचूप राहा. पोर गेली राहायला. आठवड्याने तिचा फोन आला, "आई, आज दुपारी मी दोन तास झोपले गं. कुणी उठवलं नाही." मला रडूच आलं. ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी पेपराचं पान उलटलं.

आणि एका रात्री जेवताना म्हणाले, "उद्या त्या इमारतीची पाहणी आहे. मॅडमपण येणार आहेत."

"मग काय लिहिणार?"

"दिसेल ते."

माझं डोकंच फिरलं. पोटची पोर आहे की वैरीण? म्हटलं, "बत्तीस वर्षं कचेरीचे झालात, एक दिवस पोरीचे बाप व्हा!" हे उठून हात धुवायला गेले.

सकाळी हे उठायच्या आत मी दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पडले. पिशवीत जुनं फडकं, रॉकेलची बाटली आणि लेकीने माझ्याकडे ठेवलेली दुसरी किल्ली. तिथे जाऊन बघते तर दाराला कुलूप. बिल्डरकडून पाहणीचं कळलं असेल, बापाच्या धाकाने पोर पळाली आणि डाग तसेच टाकून गेली, म्हटलं. मग स्वयंपाकघर, मोरी, पाळण्याजवळचं बटण, सगळं घासून पुसलं. उतरताना जिन्यातली बटणंही सोडली नाहीत, तिचा हात रोज लागणारच की! काम करावं तर नीट, ही माझी खोड. घरी येऊन ह्यांना चहा दिला आणि मनात म्हटलं, बघा आता काय दिसतं ते.

चार वाजता हे परत आले आणि बूटही न काढता खुर्चीवर बसले.

"जिन्यातली बटणं तू पुसलीस?"

मी फडक्याची पिशवी पायाने खाटेखाली सरकवली.

"अगं, गिलावा चालू आहे तिथे. बोटभर धूळ सगळीकडे. दिवसभर गवंड्यांचे हात लागतात बटणांना. तिथे डाग असायलाच हवे होते. चालू कामात बटण पुसतं कोण?"

मॅडम तळमजल्यावरच थांबल्या होत्या. "सर, हे एवढं लख्ख कसं?" आणि मग मोजपट्टीची चेली ती! पुसलेल्या बटणांच्या मागोमाग थेट तिसऱ्या मजल्यावर चढली. बिल्डरच्या माणसाला कुलूप काढायला लावलं. आत पाळणा. ह्यांनीच सांगितलं, इथे माझी मुलगी राहते. आणि नोटिशीखाली सहीसुद्धा ह्यांनीच केली.

पंधराव्या दिवशी लेक ट्रंक घेऊन आमच्या दारात उभी राहिली, सासरी परत जाता जाता. नवरा खाली रिक्षात. मी तिच्या गळ्यात पडून म्हटलं, "माझंच चुकलं गं."

ती म्हणाली, "आई, बाबांनी आदल्या दिवशी दुपारीच मला कचेरीतून फोन केला होता. म्हणाले, दार बंद करून मैत्रिणीकडे जा, आणि काही हलवू नकोस, काही पुसू नकोस. धुळीत सगळं खपून जाईल. दारांना कुलपं, काम चालू, एवढं लिहून मी खालूनच परत येतो. तुला सांगू नको म्हणाले, उगाच जीव टांगणीला लागेल म्हणून."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे ट्रंक उचलत होते. "चला, उशीर होतोय," एवढंच म्हणाले. एक दिवस बाप व्हा, असं मी रात्री म्हणाले होते. हे दुपारीच झाले होते.

आता लेकीचा फोन येतो. मी बाळ कसं आहे विचारते, जावयाचं विचारते. दुपारी झोपतेस का, हे काही विचारवत नाही.